गोणीवरचं नाव खरं बोलावं म्हणून झटलेला माणूस : आंत्वान लॅव्हाझिए

कृषी केंद्रात झिंक सल्फेटच्या दोन पिशव्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. वजन सारखं, पण भाव वेगळा. एकीवर हेप्टाहायड्रेट लिहिलेलं असतं आणि जस्त २१ टक्के. दुसरीवर मोनोहायड्रेट आणि जस्त ३३ टक्के. बरेच शेतकरी स्वस्त पिशवी उचलतात आणि घरी येतात. नावाकडे कोण बघतो?

पण सगळा हिशोब त्या नावातच आहे. हेप्टा म्हणजे सात आणि हायड्रेट म्हणजे पाणी धरून बसलेला पदार्थ. झिंक सल्फेटच्या एका कणामागे पाण्याचे सात कण. मोनो म्हणजे एकच. पहिल्या पिशवीत पाणी जास्त आणि जस्त कमी. १० किलोला २.१ किलो जस्त. दुसरीत तेवढ्याच वजनाला ३.३ किलो. पिशवी हातात घेतली तर दोन्ही कोरड्याच लागतात. पाणी डोळ्यांना दिसत नाही, ते फक्त नावात दिसतं.

पदार्थाचं नाव वाचून आत काय आहे ते कळलं पाहिजे, ही शिस्त रसायनशास्त्राला पूर्वी नव्हती. ती लावण्यात ज्या माणसाचा मोठा वाटा होता, त्याचं डोकं वयाच्या ५० व्या वर्षी पॅरिसच्या चौकात उडवलं गेलं. त्यांचं नाव आंत्वान लॅव्हाझिए.

वकिलाचा मुलगा आणि जिप्समचं पाणी

लॅव्हाझिए यांचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील वकील, घरची परिस्थिती चांगली. आई मात्र ते पाच वर्षांचे असतानाच गेली. वडिलांच्या इच्छेप्रमाणे त्यांनी कायद्याचं शिक्षण पूर्ण केलं, पण वकिली कधी केली नाही. शिकत असतानाच त्यांना विज्ञानाचं वेड लागलं होतं. पॅरिसच्या राजाच्या बागेत रुएल नावाचे शिक्षक रसायनाची व्याख्यानं देत. तिथे ते जाऊन बसायचे.

या रुएल यांनी १७५४ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट मांडली होती. आम्लाची गाठ दुसऱ्या एखाद्या पदार्थाशी पडली की क्षार तयार होतो. त्या दुसऱ्या पदार्थाला त्यांनी बेस म्हणजे पाया म्हटलं. उडून जाणाऱ्या आम्लाला तो धरून ठेवतो, बसायला जागा देतो, म्हणून पाया. आपल्या मराठी पुस्तकांत त्यालाच आम्लारी म्हणतात, म्हणजे आम्लाचा शत्रू. चुन्याची निवळी हे आपल्या घरातलं उदाहरण.

लॅव्हाझिए यांनी पहिला अभ्यास केला तो जिप्समचा. चोपण जमिनीत आपण टाकतो तेच हे जिप्सम. पॅरिसच्या आसपास त्याच्या खाणी होत्या. ते भाजलं की पांढरी भुकटी होते, तीच प्लास्टर ऑफ पॅरिस. गणपतीच्या मूर्तींमुळे आता हे नाव गावोगाव माहीत झालं आहे. भुकटीत पाणी घातलं की थोड्या वेळात ती दगडासारखी घट्ट का होते, हे कोणी नीट सांगू शकत नव्हतं.

लॅव्हाझिए यांनी तराजू घेतला. जिप्सम भाजलं, निघालेली वाफ थंड करून पाहिली, तर ते साधं पाणी होतं. म्हणजे कोरडा दिसणारा दगड पोटात पाणी बाळगून होता. भाजल्यावर ते गेलं, आणि भुकटीत पाणी घातल्यावर भुकटीने ते परत ओढून घेतलं आणि पुन्हा घट्ट झाली. १७६५ मध्ये त्यांनी हे फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं. वय अवघं २१.

आज आपल्याला माहीत आहे की १०० किलो शुद्ध जिप्सममध्ये जवळपास २१ किलो पाणी असतं. याला स्फटिकजल म्हणतात. मोरचुदातही तेच आहे. निळा मोरचूद तापवला की पांढरा पडतो, कारण पाणी निघून जातं. त्यावर पाण्याचे थेंब टाकले की पुन्हा निळा. एक किलो मोरचुदात सुमारे ३६० ग्रॅम पाणीच असतं. म्हणून त्याचं पूर्ण नाव कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट. पेंटा म्हणजे पाच. हे आकडे नावात बसवण्याचं काम पुढच्या पिढ्यांनी केलं, पण दगडातलं पाणी तोलून दाखवण्याची वाट या तरुणाने चांगलीच रुळवली.

जे जळतं ते जड होतं

१७६८ मध्ये २४ व्या वर्षी ते अकादमीचे सदस्य झाले. १७७१ मध्ये त्यांचं लग्न झालं. ते २८ वर्षांचे आणि पत्नी मारी-आन १३ वर्षांच्या. आज हे वाचून खटकतं, आणि खटकायलाच हवं. पण या मुलीने पुढे जे केलं ते थोडं नव्हतं. त्या इंग्रजी शिकल्या, चित्रकला शिकल्या. नवऱ्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून इंग्लंडमधले ग्रंथ त्या फ्रेंचमध्ये करून देत. प्रयोगशाळेत बसून नोंदी ठेवत. लॅव्हाझिएंच्या ग्रंथातली उपकरणांची चित्रं त्यांच्याच हातची आहेत.

त्या काळी सगळ्यांची समजूत होती की लाकूड, गंधक, धातू यांच्यात फ्लॉजिस्टन नावाचं काहीतरी असतं आणि जळताना ते बाहेर पडतं. मग जळल्यावर वजन कमी व्हायला हवं. लॅव्हाझिए यांनी १७७२ मध्ये गंधक आणि फॉस्फरस जाळून जे तयार झालं ते तोललं. वजन वाढलं होतं. म्हणजे काही बाहेर पडत नव्हतं, उलट हवेतून काहीतरी आत येत होतं. गंजलेल्या खिळ्याचा सगळा गंज धरून वजन केलं तर ते मूळ खिळ्याहून जास्त भरतं, तशातलाच हा प्रकार.

ते काय होतं, याचा धागा १७७४ मध्ये मिळाला. इंग्लंडचे प्रीस्टली पॅरिसला आले होते. त्यांनी जेवणाच्या टेबलावर आपल्या नव्या वायूची हकीकत सांगितली. त्या वायूत मेणबत्ती भडकून जळत होती. स्वीडनच्या शील यांनाही तो वायू स्वतंत्रपणे सापडला होता. पण त्याचा नेमका अर्थ लावला लॅव्हाझिए यांनी. जळणं, गंजणं आणि आपला श्वास, तिन्हीकडे हवेतला हाच भाग लागतो, हे त्यांनी दाखवलं.

या सगळ्यात त्यांचा एकच हट्ट होता. प्रयोगाच्या आधी तोलायचं, नंतर तोलायचं, आणि दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. किराणा दुकानदाराची वही जशी जुळावी तशी. शाळेच्या पुस्तकात द्रव्य अक्षय्यतेचा नियम म्हणून शिकवतात तो हाच.

तेल नसलेलं तेल, लोणी नसलेलं लोणी

आता नावांकडे येऊ. त्या काळी रसायनांची नावं कशी होती? गंधकाच्या आम्लाला म्हणायचे व्हिट्रिऑलचं तेल. ते तेल नव्हतंच, अंगावर पडलं तर कातडी जाळणारं आम्ल होतं. अँटिमनीचं लोणी, आर्सेनिकचं लोणी अशी नावं होती. ते लोणी जहाल विष होतं. शिशापासून होणाऱ्या एका क्षाराला शिशाची साखर म्हणत. चव गोड, पण पोटात गेली तर घातक. जस्ताची फुलं होती, गंधकाचं काळीज होतं.

मोरचूद म्हणजे निळं व्हिट्रिऑल, हिराकस म्हणजे हिरवं, झिंक सल्फेट म्हणजे पांढरं. रंग कळायचा, आत तांबं आहे की लोखंड की जस्त ते कळायचं नाही. एकाच पदार्थाला गावागणिक वेगळं नाव. कुठे सापडला त्या गावाचं, नाहीतर कोणी बनवला त्या माणसाचं. शिकणाऱ्याने हे सगळं नुसतं पाठ करायचं.

आपल्याकडेही गंधकाचा तेजाब, शोऱ्याचा तेजाब, मिठाचा तेजाब अशी नावं होती. ती निदान कशापासून बनलं ते तरी सांगायची.

डिजाँ शहरातले एक वकील गितों द मोर्व्हो यांना हा गोंधळ सहन होईना. १७८२ मध्ये त्यांनी नावं सुधारण्याची योजना मांडली. पुढे ते पॅरिसला आले आणि लॅव्हाझिए, बर्थोले आणि फुर्क्रोआ यांच्यासोबत बसले. चौघांनी मिळून १७८७ मध्ये रासायनिक नामकरणाची पद्धत सांगणारं पुस्तक काढलं. आज दहावीचा विद्यार्थी जी नावं लिहितो त्यांचा सांगाडा त्या पुस्तकातला आहे.

नियम साधा आहे

त्यांची रीत अशी. नावात आधी सांगायचं की मुख्य पदार्थ कोणता, आणि शेवटच्या अक्षरांत सांगायचं की त्यात ऑक्सिजन किती.

गंधकाचं उदाहरण घेऊ. जास्त ऑक्सिजन असलेलं आम्ल ते सल्फ्युरिक, कमी असलेलं ते सल्फ्युरस. शोऱ्याचं आम्ल घेतलं तर जास्त ऑक्सिजनचं नायट्रिक, कमीचं नायट्रस. शेवट फक्त बदलतो, इक आणि अस.

आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार होतो. त्याच्या नावातही आम्लाची खूण ठेवायची. इकचं होतं एट, असचं होतं आइट. सल्फ्युरिकपासून सल्फेट, सल्फ्युरसपासून सल्फाइट. नायट्रिकपासून नायट्रेट, नायट्रसपासून नायट्राइट. आणि ऑक्सिजन नसेलच तर शेवट वेगळा, तो आज आपण आइड असा म्हणतो. जसं सल्फाइड.

म्हणजे खताच्या गोणीवर पोटॅशियम नायट्रेट असं वाचलं की तीन गोष्टी कळतात. पोटॅश आहे, नत्र आहे, आणि तो नत्र जास्त ऑक्सिजनवाल्या आम्लातून आलेला आहे. एका अक्षराने किती फरक पडतो तेही बघा. नायट्रेट पिकाचं अन्न आहे, तर नायट्राइट जनावराच्या रक्तात वाढलं तर जीव घेतं. नायट्रेट जास्त झालेला हिरवा चारा खाऊन जनावरं दगावतात, त्याचं कारण हेच. पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं.

आम्लारीचं नाव याहून सोपं. धातूचं नाव घ्यायचं आणि पुढे हायड्रॉक्साइड लावायचं. विरलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. साबणाचा कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. ही नावं पुढच्या काळात पक्की झाली. लॅव्हाझिएंच्या वेळी कॅल्शियम किंवा सोडियम कोणी पाहिलेही नव्हते. १७८९ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ३३ मूलद्रव्यांची यादी दिली, त्यात चुनाही घातला. पण चुना बहुधा कुठल्यातरी धातूचा ऑक्साइड असावा, हा संशय त्यांनी लिहून ठेवला होता. १८०८ मध्ये इंग्लंडच्या डेव्ही यांनी चुन्यातून कॅल्शियम वेगळं काढलं. संशय खरा निघाला.

एक चूक, जी नावातच राहिली

पण एका ठिकाणी लॅव्हाझिए चुकले. गंधक, फॉस्फरस, कोळसा जाळले आणि पाण्यात मिसळले की आम्ल होतं, हे पाहून त्यांनी ठरवलं की आंबटपणा ऑक्सिजनमुळेच येतो. म्हणून तर त्या वायूला त्यांनी ऑक्सिजन नाव दिलं. ग्रीक भाषेतून घडवलेल्या या नावाचा अर्थ आम्ल निर्माण करणारा.

मिठापासून निघणारं आम्ल मात्र या चौकटीत बसेना. त्यातून ऑक्सिजन काही निघत नव्हता. लॅव्हाझिएंना वाटलं, असेल, अजून आपल्याला काढता येत नाही. १८१० मध्ये डेव्ही यांनी दाखवलं की त्या आम्लात ऑक्सिजन नाहीच. आहे तो हायड्रोजन आणि क्लोरीन. म्हणून आज त्याला हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणतात, आणि त्याच्या क्षाराला क्लोराइड. ऑक्सिजन नसलेल्या अशा आम्लाच्या नावाआधी हायड्रो येतं ते यामुळे.

ज्या माणसाने नाव खरं असावं असा आग्रह धरला, त्याने दिलेलं सगळ्यात प्रसिद्ध नावच अर्थाने चुकीचं ठरलं. तरी जगाने ते बदललं नाही. आपल्या मराठीतला प्राणवायू हा शब्द त्या मानाने जास्त बरोबर आहे.

फ्रेशिनची शेती

लॅव्हाझिए शेतकरीही होते, हे फार कमी जणांना माहीत आहे. १७७८ मध्ये त्यांनी ब्ल्वा शहराजवळ फ्रेशिन इथे जमीन घेतली. स्वतः नांगर धरला नाही, माणसं ठेवली होती, पण प्रत्येक शेताची वही ठेवली. बियाणं किती, शेणखत किती, उत्पन्न किती, सगळं मोजून. तिथल्या जमिनीत जनावरं कमी, म्हणून खत कमी आणि म्हणून गहू कमी, हे त्यांनी हेरलं. मग चाऱ्याची पिकं वाढवली, मेंढ्या आणल्या, बटाटा लावला. काही वर्षांत गव्हाचं उत्पन्न वाढलं.

पण वहीने आणखी एक गोष्ट दाखवली. शेतीत घातलेला पैसा फार हळू परत येतो, आणि करांचा बोजा असला की शेतकऱ्याच्या हाती सुधारणेपुरतं काही उरत नाही. हे त्यांनी सरकारपुढे मांडलं. १७८८ मध्ये पीक बुडालं, धान्याची टंचाई झाली, तेव्हा धान्य खरेदीसाठी त्यांनी ब्ल्वा आणि रोमोरांतँ या गावांना बिनव्याजी पैसे दिले.

कराचा पैसा आणि शेवट

आता दुसरी बाजू. करांच्या बोजाबद्दल लिहिणाऱ्या या माणसाची कमाई करातूनच येत होती. फ्रान्सचा राजा मीठ, तंबाखू, शहरात येणारा माल यांवरचे कर गोळा करण्याचा ठेका एका खासगी मंडळाला देत असे. मंडळ राजाला ठरलेली रक्कम देई आणि वरचं स्वतः ठेवी. १७६८ पासून लॅव्हाझिए त्यात भागीदार होते. सासरे झाक पोल्झ हेही त्यातलेच. मिठावरच्या कराने गरीब पिचले होते. त्यातच माल चोरून शहरात येऊ नये म्हणून पॅरिसभोवती भिंत बांधायची सूचना लॅव्हाझिएंनी केली. भिंत उभी राहिली आणि लोकांचा राग आणखी वाढला. प्रयोगशाळेतले महागडे तराजू आले ते बऱ्याच अंशी याच कमाईतून.

१७८९ मध्ये क्रांती झाली. लॅव्हाझिए सुरुवातीला बदलाच्या बाजूने होते. देशभर एकच वजनमाप असावं म्हणून नेमलेल्या आयोगात त्यांनी काम केलं. आज आपण ज्या किलोत आणि लिटरमध्ये व्यवहार करतो, त्या मापांच्या पायाभरणीत त्यांचा हात आहे. पण क्रांती पुढे कडक होत गेली. ऑगस्ट १७९३ मध्ये अकादमी बंद झाली. नोव्हेंबरमध्ये करमंडळाच्या भागीदारांना पकडण्याचा हुकूम निघाला. लॅव्हाझिए स्वतःहून हजर झाले.

८ मे १७९४ रोजी खटला चालला आणि त्याच दिवशी शिक्षा झाली. २८ जणांना गिलोटिनवर नेण्यात आलं. सासऱ्यांचा नंबर आधी लागला, लगेच मागून जावयाचा. एका दिवसात मारी-आन यांचे वडीलही गेले आणि नवराही.

करठेकेदार ही पाटी त्यांच्यावर लागली होती आणि ती खोटी नव्हती. पण त्या एका पाटीत सगळा माणूस मावत नव्हता. पुढच्याच वर्षी जप्त केलेलं सामान परत देताना शिक्षा चुकीची होती, हे सरकारनेच मान्य केलं.

मारी-आन यांनाही काही काळ तुरुंगात राहावं लागलं. सुटल्यावर त्यांनी नवऱ्याच्या वह्या, उपकरणं गोळा केली आणि त्यांचे राहिलेले लेख १८०५ च्या सुमारास छापून आणले. १८३६ मध्ये त्या वारल्या.

चौघांनी ठरवलेली रीत मात्र टिकली. फ्रान्समधल्या करठेक्याचं आज नावही कोणी काढत नाही, पण आपल्या तालुक्याच्या कृषी केंद्रातल्या पिशवीवर इक, एट, आइड आणि हायड्रेट रोज छापून येतात. पुढच्या वेळी झिंक घेताना भावाच्या आधी नाव वाचा. हेप्टा असेल तर सात पाणी, मोनो असेल तर एक. मग टक्केवारी बघा, आणि भाव पिशवीचा न काढता आतल्या जस्ताचा काढा.